चौथ्या नंबरचं नाणं

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत केरबाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्या बसमध्ये बसून एकदा तरी वैतागला नाही असाही सापडायचा नाही. एकतीस वर्षं त्यानं शहर बस चालवली, आणि हळू चालवली. मागून रिक्षावाले हॉर्न बडवायचे, कॉलेजची पोरं "मामा, उतरून ढकलू का?" म्हणून विचारायची. केरबा आरशात एकदा बघायचा आणि तितक्याच वेगानं पुढं जायचा. "घाई आसंल तर चालत जावा की," एवढं त्याचं उत्तर. या हट्टापायी निवृत्तीच्या वर्षी त्याला विनाअपघात सेवेचा चांदीचा बिल्ला मिळाला. कुणा साहेबानं तो त्याच्या खाकी शर्टावर लावला तेव्हा पिन छातीला टोचली. त्या क्षणी दचकलेल्या केरबाचा फोटो अजून भिंतीवर आहे.

मूळ गाव नेसरी, गडहिंग्लज तालुक्यातलं. तिथं आता त्याचा चुलतभाऊ विजयसिंह राहतो. तो हायस्कुलात खेळाचा मास्तर होता. निवृत्त झाला तरी बोलणं अजून शिट्टी फुंकल्यासारखंच. या दोन घरांत मिळून देव एकच. देव म्हणजे पाच टाक, अंगठ्याएवढे चांदीचे पत्रे, त्यांवर ठोकून उठवलेल्या आकृत्या. तीन देवदेवतांचे आणि दोन घराण्यातल्या वीरांचे. हे वीर कुठल्याशा लढाईत पडले, त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. घोडा आहे, तलवार आहे आणि कपाळापर्यंत गेलेले मोठे डोळे आहेत.

देव एक वर्ष नेसरीत, एक वर्ष कोल्हापुरात. चंपाषष्ठीच्या आधी पाळी बदलते. ज्याची पाळी त्यानं न्यायला जायचं, देव पिशवीत घालून पोटाशी धरायचे, आणि आपल्या देव्हाऱ्यात बसवीपर्यंत वाटेत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. शब्द गेला तर देव वाटेतच उतरतात, असं जुनी माणसं सांगायची. दोन एसट्या बदलून तोंड मिटून यायचं हे कोल्हापुरी माणसाला किती जड, ते सांगायला नको. केरबा मात्र दर पाळीला निमूट जाऊन निमूट यायचा. त्याला ते अवघड कधी गेलं नाही.

गेल्या पाळीला तो गेला नाही.

ऋतुराज, त्याचा एकुलता एक मुलगा, फौजेत होता. सत्तावीस वर्षांचा, लग्न ठरत आलेलं. पाच हिवाळे त्यानं उत्तरेत बर्फात काढले होते आणि पायांना फळ्या बांधून डोंगरावरून घसरत यायला शिकला होता. त्या डिसेंबरात तो रजेवर घरी आला. केरबाला सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटेना. दुखत काही नव्हतं, नुसता कंटाळा. तो म्हणाला, "ऋत्या, या बारीला तू जा की. गाडी हाय तुझी, सांजंपतोर परत येशील." ऋतुराज म्हणाला, "जातो की आबा," आणि बूट घालून गेला.

दिवस मावळताना नेसरी आणि गडहिंग्लजच्या मधल्या एका वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापड नाही. पाच वर्षं बर्फानं ज्याचं काही वाकडं केलं नाही, त्याला त्या वळणानं नेलं. पोटाशी बांधलेल्या पिशवीतल्या देवांना ओरखडाही आला नव्हता.

बायडाबाईला, आपल्या बायकोला, केरबानं सांगितलं की पोरगं स्वतःच हट्टानं गेलं. खोटं बोलायचं ठरवून तो बोलला नव्हता. कुणीतरी विचारलं आणि तोंडातून तसं आलं, मग ते तसंच राहिलं.

त्यानंतर केरबा रडला नाही. गल्लीतले लोक म्हणाले, केरबा घट्ट माणूस. तो घट्ट वगैरे काही नव्हता. त्याला काहीच होत नव्हतं. सकाळी दूध आणायचा, चहा प्यायचा. चहा पोळणारा आहे की निवलेला हे कळायचं नाही. पेन्शनीच्या कागदांवर जिथं बोट दाखवतील तिथं सही करायचा. लोक मुलाबद्दल बोलायला लागले की हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं त्याला वाटायचं, आणि तो मान हलवायचा. शवपेटी उघडली तेव्हा पोराच्या तोंडावर पट्ट्या होत्या. चेहरा दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं की वाईट, याचाही त्यानं विचार केला नाही. तेरावा झाला, देव दुधानं धुऊन देव्हाऱ्यात बसवले, त्यात त्यानं हात लावला तेवढाच.

दोन महिन्यांनी पलटणीतले दोन जवान ऋतुराजची ट्रंक घेऊन आले. चहा घेऊन, सलाम करून गेले. ट्रंक बायडाबाईनं उघडली. गणवेश, जाड मोजे, दाढीचं सामान, आणि तळाशी लाल मखमलीची डबी. डबीत चांदीचं वाटोळं नाणं होतं. त्याच्यावर गुडघ्यात वाकलेला एक माणूस, दोन्ही हातांत काठ्या, पायांखाली लांब फळ्या, डोक्यावर शिरस्त्राण आणि डोळ्यांवर रुंद चष्मा. तोंड कसलं ते दिसतच नव्हतं.

बायडाबाईनं ते दोन्ही हातांत धरलं. "अवो, फौजेनं टाक करून धाडलाय बगा त्येचा. दोन भालं हाईत हातात." मग जरा निरखून म्हणाली, "घोडा न्हाय. बर्फात घोडा कसा चालंल? म्हणून फळ्या दिल्यात."

केरबाला ठाऊक होतं ते काय आहे. ऋतुराजनं फोनवर सांगितलं होतं. हिवाळी खेळांच्या स्पर्धेत तो चौथा आला होता. "चौथ्याला काय देत्यात?" केरबानं विचारलं होतं. "चौथ्याला काय देनार आबा? पर यंदा सगळ्यास्नी एकेक नाणं दिलंय, चांदीचं. आठवण म्हणून." त्यावर केरबा म्हणाला होता, "बरं झालं. जेवलास का?" डबीत एक छापील कार्डही होतं, त्यावर स्पर्धेचं नाव आणि साल. केरबानं ते उचलून खिशात घातलं आणि नंतर कपाटात आपल्या बिल्ल्याच्या डबीखाली सरकवलं. हे त्यानं बायकोवर माया करून केलं असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

नाणं देव्हाऱ्यात गेलं, पाच टाकांच्या शेजारी. बायडाबाई रोज सहाही जणांना आंघोळ घालायची, हळद लावायची, फूल वाहायची. नाण्याच्या खाचेत हळद बसली. चष्म्यावर ती कुंकवाचं बोट टेकवायची, त्यामुळं तो चष्मा लाल झाला. बाई त्या कामात हळूहळू माणसात आली. जेवायला लागली, शेजारणींशी बोलायला लागली. पूजा करताना नाण्याशी पुटपुटायची, "आता वरीसभर हाईस माज्यापाशी. मग जा ह्यांच्यासंगं नेसरीला, आणि वरसानं परत ये." केरबा खुर्चीत बसून हे ऐकायचा. त्याला काही वाटायचं नाही.

वर्ष सरत आलं. पाळी आता विजयसिंहाची होती, आणि दिवस ठरवायला तो पंधरा दिवस आधी आला. चपला काढून थेट देव्हाऱ्यापुढं वाकला आणि वाकलेलाच थांबला.

"वहिनी, ह्ये काय ठेवलंय?"

"वीर न्हवं का," बायडाबाई म्हणाली. "फौजेनं धाडलाय. ह्या बारीला सा जन येत्यात तुमच्याकडं."

विजयसिंहानं नाणं उचललं, अंगठ्यानं हळद पुसली. तो मास्तर होता. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच त्याला आयुष्यात येत होतं. "वहिनी, ह्ये नाणं हाय. बर्फावरच्या खेळाचं. ह्ये भालं न्हवं, तोल सावरायच्या काठ्या हाईत. आणि हा आपला ऋतुराज न्हवं, कोन बी खेळाडू काढलाय."

 तिथं थांबला असता तर बरं होतं, पण तो पुढं गेला. "आणि टाक करायचा म्हटला तरी वीराचा कसा करनार? आपल्या खिंडीत सात वीर पडल्यात, वहिनी. वीर कुनाला म्हनायचं ह्ये नेसरीच्या मानसाला सांगाय लागत न्हाय. त्यो सीमेवर गेला आसता तर गोष्ट येगळी. उसाच्या ट्रॉलीला..." एवढं बोलल्यावर त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. त्यानं नाणं खाली ठेवलं आणि पाणी मागितलं.

बायडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय," केरबा म्हणाला.

विजयसिंह गेल्यावर तिनं नाणं साबणानं धुतलं, कोरडं केलं, मखमलीच्या डबीत घातलं आणि डबी केरबाच्या पुढ्यात ठेवली. रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाला, झाडलोट झाली. देव्हाऱ्यात मात्र दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आधीच्या दिवसाची फुलं वाळून टाकांना चिकटली. ताटात भाकरी घेऊन ती बसायची आणि तशीच उठायची. या घरात दोघांपैकी एक जण आधीच थंड पडलेला होता, आता दुसरंही पडत चाललं होतं. केरबाला वर्षभरात पहिल्यांदा कसली तरी भीती वाटली. फार मोठी नाही, गाडीच्या इंजिनात नेहमीचा नसलेला आवाज आला की वाटायची तेवढी.

चौथ्या दिवशी सकाळी डबी खिशात घालून तो गुजरीत गेला. सराफी पेढ्यांच्या मागं एका बोळात ज्ञानू कारागीर बसतो. त्याच्या घरात टाक घडवायचं काम तीन पिढ्यांचं. काशाचे जुने ठसे ओळीनं मांडलेले असतात, त्यांवर चांदीचा पत्रा धरून ठोकला की देव उठतो. ज्ञानूनं चष्म्यावरून बघितलं. "या पावणं. तुमी बसवालं केरबा न्हवं? एकदा तुमच्या बसनं माझं लगीन चुकलं आसतं."

केरबा हसला नाही. त्यानं नाणं पुढं केलं. "ह्ये आटवा. आणि वीराचा टाक करून द्या. घोडा, तलवार, नेहमीचा."

"कोन गेलं?"

"पोरगा. फौजेत हुता."

ज्ञानूनं ठशांवरून हात फिरवत एक उचलला. "कुठं पडला?" टाक घडवण्याआधी तो हे विचारायचाच. वीराचा टाक खोट्या नावावर करायचा नाही, हा त्याच्या आज्याचा नेम.

केरबाला खोटं सांगता आलं असतं. उत्तरेतल्या चार गावांची नावं त्याला पाठ होती. पण एकतीस वर्षं बसच्या नोंदवहीत खरं ते लिहायची सवय. त्यानं सांगितलं. नेसरीचा रस्ता, वळण, ट्रॉली. सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही, गाडी कुठं बंद पडली ते डेपोत सांगावं तसं त्यानं सगळं सांगितलं. "देव आनायला गेलता. मीच धाडलाता. पिशवी पोटाला हुती."

ज्ञानूनं ठसा खाली ठेवला. "मग?"

मग केरबानं ती गोष्ट सांगितली जी त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. त्या वळणाजवळच्या गुऱ्हाळाचा मालक, गुंडू, दहाव्याला येऊन त्याच्या कानावर घालून गेला होता. ऋतुराज पंधरा-वीस मिनिटं शुद्धीवर होता. माणसं जमली, पाणी दिलं. पाकीट उसात कुठं उडालेलं, फोन फुटलेला, म्हणून सगळे विचारत होते, नाव काय, गाव कुठलं, घरचा नंबर सांग. तो एकेकाकडं बघत होता. बघत होता पण बोलला नाही. पिशवीवरचा हात त्यानं काढला नाही. गडहिंग्लजला पोचायच्या आत संपला, आणि घरी कळायला रात्र झाली.

"बोलता येत नव्हतं का बोलला न्हाय, ते मला ठावं न्हाय," केरबा म्हणाला.

ज्ञानूनं नाणं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाला, "देव पोटाशी धरून पडला, आणि नेम मोडला न्हाय. केरबादादा, माझ्या आज्यानं ज्यांचं टाक केलं त्यातलं निम्मं कशानं मेलं कुनाला ठावं? ह्यो वीर न्हाय तर कोन?" त्यानं नाणं परत केरबाच्या हातात दिलं. "पर ह्ये आटवायचं न्हाय. ह्ये नाणंच आपला ठसा. घोड्यावर कवा बसला हुता का त्यो?"

"न्हाय."

"मग खोटा घोडा कशाला. दुसरी चांदी आना घरातली."

घरात दुसरी चांदी म्हणजे बायकोची जोडवी, ती मागणं शक्य नव्हतं. केरबा घरी आला, कपाट उघडलं आणि बिल्ल्याची डबी घेऊन परत गेला. ज्ञानूनं बिल्ला उलटा करून अक्षरं वाचली, केरबाकडं बघितलं. पिन कापून काढली. मुशीत चांदी पातळ झाली. त्यात एकतीस वर्षांची विनाअपघात सेवा कधी गेली ते कळलंही नाही. केरबा शेजारी बसून बघत होता. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

पत्रा लाटून झाल्यावर ज्ञानूनं तो नाण्यावर धरला, वर शिशाचा तुकडा ठेवला आणि बेतानं ठोके घातले. पत्रा सोडवला तेव्हा वाकलेला माणूस त्यावर उठला होता, काठ्या, फळ्या, सगळं. ज्ञानूनं बारीक छिन्नी घेतली. "डोळं राहिलं. डोळ्याबगर टाक देव हुत न्हाय. चष्मा काढतो त्येचा. कसं हुतं सांगा."

केरबाला क्षणभर काही आठवेना. डोळे मिटले तर पट्ट्याच दिसत होत्या. मग दारात बूट घालणारा ऋतुराज दिसला, "जातो की आबा" म्हणून मान वर केलेला. "डावा जरा बारीक हुता," तो म्हणाला. "हसताना जास्त."

ज्ञानूनं डावा जरा बारीक केला.

संध्याकाळी बायडाबाई भाजी निवडत होती. केरबानं टाक तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं हातात घेतला नाही, नुसती बघत राहिली. मग केरबानं तिला गुंडूनं सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "त्यो हट्टानं गेला न्हवता. मी धाडलाता. मला कंटाळा आलता."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"मी आतच हुतो की. च्या करत हुतो." तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. "तुमी सांगशीला म्हणून वरीसभर वाट बघितली."

मग तिनं टाक उचलला, पदरानं पुसला आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. तेवढ्यानं तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो शेजारच्या घरातही गेला. केरबा तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. तो हात त्याला दुसऱ्याचा वाटत होता.

त्यानं विजयसिंहाला फोन केला. गुंडूची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. "न्यायला तू येऊ नगंस. देव मी घेऊन येतो. सा हाईत."  मग विजयसिंह म्हणाला, "या दादा. सा जनांचा पाट मांडून ठेवतो," आणि त्याचा तो मास्तरी आवाज शेवटी बसला.

ठरल्या दिवशी बायडाबाईनं सहा देव फडक्यात गुंडाळून पिशवीत घातले आणि पिशवी केरबाच्या पोटाशी बांधली. नाणं तिनं रिकाम्या देव्हाऱ्यात ठेवलं आणि पुढं दिवा लावला. मग कंडक्टरला दाखवायला एक चिठ्ठी लिहून दिली. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसानं चिठ्ठी दाखवून तिकीट काढलं, पुढच्या गाडीतही तसंच काढलं, आणि खिडकीशी बसला.

गडहिंग्लज सुटलं. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस. त्या वळणाच्या आधी एसटीचा वेग कमी झाला. पुढं उसानं भरलेली ट्रॉली चालली होती आणि ड्रायव्हर ओलांडून जायची घाई करत नव्हता. चांगला ड्रायव्हर, केरबाच्या मनात आलं. मग वळण आलं. तिथं काहीच नव्हतं, एक मैलाचा दगड आणि गवत.  वर्षभर जे कुठं होतं ते केरबाला माहीत नव्हतं, ते आता वर आलं, आणि डोळ्यांतून पाणी धो धो वाहायला लागलं.

शेजारचा माणूस घाबरला. "ओ पावणं, काय हुतंय? बरं वाटंना का?" केरबानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो माणूस म्हणाला, "नाव काय तुमचं? गाव कंचं? घरचा नंबर सांगा, फोन लावतो."

नाव अगदी जिभेवर आलं होतं. घसा उघडा होता, शब्द सरळ बाहेर पडला असता. केरबानं दात आवळले, आणि त्याला कळलं की त्या दिवशी पोराला बोलता येत होतं.

शेजाऱ्यानं वाट बघितली, पुन्हा विचारलं, मग कंडक्टरला हाक मारून म्हणाला, "मुकं हाईत वाटतं." त्यानं आपली पाण्याची बाटली उघडून पुढं केली. केरबानं ती एका हातानं घेतली. दुसरा हात पिशवीवर होता.